चेहरे गोड येतात, पण बोलत नाहीत. आणि एसटी स्टँड कुठलाही वाटतो!

शाईपेन (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

ॲप्लाइड आर्ट करून बरीच वर्षं जाहिरातीत काढली. आता पहिल्यांदाच मुलांचं चित्रपुस्तक हातात आलंय, ३२ पानी. गोष्ट साधी आहे. नऊ वर्षांची मुलगी आजीबरोबर कोकणातल्या एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघतेय. पावसाळा आहे, गाडीला उशीर झालाय. मुलीला मुंबईला जायचं नाहीये, पण मजकुरात हे कुठेच लिहिलेलं नाही. ते चित्रानंच सांगायचं आहे.

रफ (कच्ची चित्रं) संपादकांना दिले, परत आले. त्यांचा शेरा असा: ‘मुलगी गोड आहे, पण कुणाचीच वाटत नाही. स्टँडही कुठलाही आहे.’ फोन करून विचारलं तर ‘अजून एक्स्प्रेसिव्ह करा’ एवढंच उत्तर मिळालं.

मी मुलीच्या बारा चेहऱ्यांची एक्स्प्रेशन शीट केली होती. पिंटरेस्टवर बोर्ड बनवला, नेटवरून स्टँडचे फोटो जमवले, प्रोक्रिएट या चित्रांच्या ॲपमध्ये पर्स्पेक्टिव्ह गाइड लावून स्टँड काढला. वेगवेगळं बघितलं तर दोन्ही ठीक वाटतं, एकत्र केलं की मुलगी पडद्यासमोर उभी केल्यासारखी दिसते. भाव वाढवायला डोळे मोठे केले, तर ती सारखी दचकलेली दिसायला लागली.

आधी पात्र पक्कं करायचं की आधी जागा? अनुभवी लोकांनी कृपया सांगा. महिन्याअखेर दुसरे रफ द्यायचे आहेत.

पिक्सेलपाटील

गेम स्टुडिओत कॅरेक्टर डिझाइन करतो, त्यामुळे माझं उत्तर त्या चष्म्यातून.

पहिली टेस्ट सिल्हूटची. मुलगी आणि आजी दोघींना सपाट काळा रंग भरा. कोण काय करतंय ते कळतंय का? नसेल कळत तर चेहऱ्यावर कितीही काम करा, उपयोग नाही. हात धडाच्या आत काढलेले असतात, हा नेहमीचा घोळ. कोपर बाहेर काढलं, पिशवी अंगापासून जरा लांब धरली, की आकृती वाचता येते. शेप लँग्वेजही बघा, म्हणजे आकारातून स्वभाव सांगणं, आजी चौकोनात आणि मुलगी गोलात वगैरे. पण ते फार ताणू नका, नाहीतर सगळी पात्रं एकाच दुकानातली वाटतात.

स्टँडसाठी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. खांब, छप्पर, बाक, बस यांची नुसती खोकी मांडा आणि कॅमेरा फिरवून कोन शोधा. ३२ पानांत एकच जागा पुन्हा पुन्हा येणार, तेव्हा बाक या पानावर डावीकडे आणि पुढच्या पानावर गायब, असं होणार नाही.

आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस हवाच! त्याच्याशिवाय कसला एसटी स्टँड?

खडूफळा

शाईपेन ताई, ‘आधी पात्र की आधी जागा’ इथेच गोची आहे. बाई कशावर बसलीय ते ठरल्याशिवाय ती कशी बसलीय ते ठरत नाही. दोन्ही एकाच कागदावर, एकाच वेळी काढायचं.

मी लांजा-राजापूरच्या पट्ट्यात हायस्कुलात चित्रकला शिकवली. आता निवृत्त आहे. मुलांच्या मासिकांना चित्रं देतो, अजूनही पोस्टर कलरमध्येच. इलेमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकाला स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. ‘बसथांब्यावरील दृश्य’ आलं की डावीकडे झाड, उजवीकडे थांबा, मधोमध छत्रीवाली बाई, पुढे एक पाठमोरा माणूस (पाठमोरा का, तर चेहरा काढावा लागत नाही), आणि लांब दोन डोंगर. शिकवण्यांमधून हा साचा मिळतो, बी ग्रेड हमखास. पिंटरेस्टचा बोर्ड म्हणजे तोच साचा, फक्त परदेशी आणि छान रंगवलेला.

तुमची बारा चेहऱ्यांची शीट बाजूला ठेवा. फाडू नका, नंतर लागेल. आनंद, दुःख, राग, आश्चर्य हे चेहरे तुम्ही पांढऱ्या कागदावर, हवेत काढलेत. माणूस हवेत चिडत नाही, कशावर तरी चिडतो. त्या ‘कशावर तरी’चं चित्र काढलं की चेहऱ्याला फार काही करावं लागत नाही.

मुलीला जायचं नाहीये ना? मग ती स्टँडवर काय करते ते मला सांगा. गाडी जिकडून येणार तिकडे सगळे बघताहेत, तेव्हा ती कुठे बघते? बाकावर टेकून बसलीय की कडेला? पिशवी मांडीवर आहे, खाली आहे, की तिनं मुद्दाम ओल्यात ठेवलीय? माईकवर काहीतरी खरखरतं, सगळे उठतात, ही उठत नाही. आजीनं हात धरलाय, पण हिची बोटं मिटलेली नाहीत, सैल आहेत. हे सगळं काढायला चेहरा लागतच नाही. माझं ऐकाल तर पहिल्या दोन-तीन जोडपानांवर (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) तिचा चेहरा दाखवूच नका. पाठ, मान, पाय एवढ्यावर काम करा. त्यावर वाचणाऱ्या पोराला ‘हिला जायचं नाहीये’ कळलं तर पुढे चेहरा काढा, तो आपोआप कमी लागेल.

आता डोळ्यांचं. तुमची मुलगी दचकलेली का दिसते? साध्या, शांत डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा थोडा भाग झाकते. बुबुळाच्या वरही पांढरं दिसायला लागलं की डोळा घाबरलेला किंवा चकित वाचला जातो. तुम्ही डोळा मोठा करताना बहुतेक बुबुळ मधोमध ठेवून भोवती पांढरं वाढवलंत. बुबुळ मोठं करा, पापणी त्यावर आणा, भीती जाईल. काळजी दाखवायची तर भुवईचं आतलं टोक वर जातं, बाहेरचं जागेवर राहतं. ही हालचाल ठरवून करणं बहुतेकांना जमत नाही, आरशासमोर बघा. म्हणूनच ती दिसली की आपल्याला खरी वाटते. हसण्याचंही तसंच. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यानं १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन दाखवलं की नुसतं तोंड हसलं तर हसू खोटं दिसतं, खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो आणि खालची पापणी वर येते. तुमची मुलगी आजीसाठी खोटं हसते असं एखादं पान असेल तर तोंड हसवा आणि डोळे तसेच ठेवा. संपलं काम.

अजून एक, प्रमाणाचं. ‘गोड’ म्हणालात म्हणून अंदाज करतो, तुमची मुलगी तीन डोक्यांची असणार, म्हणजे उंची डोक्याच्या तिप्पट. शैली म्हणून ते चालतं. पण तीन डोक्यांच्या आकृतीचा हात स्वतःच्या डोक्यावर पोचत नाही! छत्री वर धरणं, वेणी मागे टाकणं, कपाळावरचं पाणी पुसणं, सगळं अडतं आणि मुलगी हात खाली सोडून उभी राहते. नऊ वर्षांचं पोर खरं तर सहा डोक्यांच्या आसपास असतं. साडेचारवर या. गोडवा टिकेल आणि हातही मोकळे होतील.

आता स्टँड. पिक्सेलपाटील सांगतात ते ब्लेंडर मला येत नाही, पण खोकी मांडायची कल्पना चांगली आहे, मी काडेपेट्या मांडतो. फक्त कॅमेरा कुठे ठेवता ते बघा. नऊ वर्षांच्या मुलीचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर असतात. क्षितिजरेषा तिथे ठेवली तर सपाट फलाटावरच्या प्रत्येक उभ्या मोठ्या माणसाला ती छातीपाशीच कापेल, माणूस जवळचा असो की लांबचा. हा एक नियम पाळलात तर गर्दीतलं कुणी तरंगणार नाही आणि कुणी खड्ड्यात उभं वाटणार नाही. शिवाय त्या उंचीवरून स्टँड वेगळाच दिसतो. चौकशीची खिडकी हनुवटीला लागते, आतला माणूस दिसत नाही, त्याचा पंखा दिसतो. मोठ्यांच्या पिशव्या तोंडासमोर येतात.

पावसाळा आहे म्हणता, तर सावल्या विसरा. ढगाळ उजेडात लांब पडछाया नसते. पायाच्या तळाशी, बाकाच्या पायाशी, पिशवीच्या बुडाशी तेवढी गडद रेघ असते. ती काढली नाही म्हणूनच तुमची मुलगी पडद्यासमोर उभी केल्यासारखी वाटत असणार. ओल्या फरशीत प्रतिबिंब सरळ खाली पडतं, तिरकं नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळ येतं आणि उजळ वस्तूचं थोडं मळकं.

आणि पागोळ्या! छपराच्या पत्र्याला पन्हळी असतात, पाणी प्रत्येक पन्हळीतून वेगळी धार धरून खाली येतं. फलाटाच्या कडेला जिथे सिमेंट संपून माती लागते तिथे त्या धारांनी ओळीत खळगे पडलेले असतात, सारख्या अंतरावर. त्यातली माती वाहून गेलेली, तळाला फक्त बारीक खडे धुऊन निघालेले, लाल आणि काळे. पोरं तिथे हमखास पायाचा अंगठा घालतात. तुमची मुलगीही घालेल, चप्पल काढून. आजी ओरडेल. झालं की एक पान! यात पात्र कुठे संपलं आणि जागा कुठे सुरू झाली, सांगा बघू.

आमच्याकडची माती लाल, त्यामुळे भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग शिंतोड्यांनी तांबडा होतो. खांबाचा खालचा पट्टा मुद्दाम गडद ऑइल पेंटचा असतो आणि त्यावर पानाच्या पिचकाऱ्या (संपादक काढायला सांगतील, हळूच एक ठेवा). सिमेंटच्या बाकाची पुढची कड लोकांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेली असते, मागची खरखरीत राहते. जागा खरी वाटायला वस्तूंची गर्दी लागत नाही, वापराची खूण लागते. वापरानं काय झिजलं, कुठे तेलकट झालं, कुठे पोपडे आले, तेवढं बघून या.

नेटवरचे फोटो बंद करा. स्वारगेटला जा. कोकणातला नसला तरी स्टँड आहे. फोटो काढू नका, दोन तास बसा आणि फक्त वाट बघणाऱ्यांचे पाय काढा.

तालमीतली

खडूफळा सरांचं वाचून राहवलं नाही. मी भरतनाट्यम शिकते. नाट्यशास्त्रात दृष्टीचे ३६ प्रकार आणि भुवयांच्या ७ क्रिया दिल्यात. आमच्या ताई आधी नजर बसवून घेतात, मग चेहरा. त्या ३६ दृष्टी आरशासमोर करून त्यांची स्केचेस केली तर शाईपेनना आयता खजिना मिळेल. बारा चेहऱ्यांपेक्षा कितीतरी बारीक आहे हे.

खडूफळा

तालमीतली, कराच, डोळ्याला व्यायाम उत्तम. पण एक लक्षात घ्या. रंगमंचावरचा भाव लांबच्या प्रेक्षकापर्यंत पोचवायचा असतो, म्हणून तो मोठा करतात. पुस्तक पोराच्या नाकासमोर फूटभरावर असतं. तोच भाव तसाच कागदावर उतरवला तर मुलगी नाटक करतेय असं वाटेल. या गोष्टीत तर तिला लपवायचंच आहे. नजरेची दिशा घ्या, जोर घेऊ नका.

गर्दीसाठी व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा बघा. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची चित्रं आहेत, चहा घेत बघता येतात. नुसती जागा भरायला म्हणून कुणी उभं नाही, प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं आहे. शैली उचलू नका, ती उचलली की लगेच कळते. ‘याचं काय चाललंय’ हा प्रश्न तेवढा उचला.

डबलबेल

मी चित्रकार नाही. एसटीत वाहक होतो, रत्नागिरी विभागात. मुलीनं धागा दाखवला म्हणून लिहितो.

पाटील साहेब, रुमालाची गंमत खरी, पण लोकल गाडीला. मुंबईच्या गाडीला बऱ्याच जणांचं आरक्षण असतं. तिथे रुमाल टाकून कुणी बसलं तर भांडण. तेही काढता येईल म्हणा.

शाईपेन मॅडम, गोष्ट आत्ताची की जुनी ते आधी ठरवा. जुनी असेल तर वाहकाच्या हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच, तो पंच रिकामाच टकटक वाजवत येणार. आत्ताची असेल तर मशीन. आणि आत्ताची असेल तर आजीचं वय लेखकाला विचारा. ७५ च्या पुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून राज्यात एसटी फुकट आहे. म्हणजे आजी पैसे काढणार नाही, आधार कार्ड काढणार. ते कार्ड कुठे असतं? प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी बटव्यात, बटवा कनवटीला नाहीतर पोलक्यात. वाहक समोर उभा, मागे माणसं खोळंबलेली आणि आजी एकेक घडी उलगडते. मी हे रोज बघितलंय. म्हातारी माणसं कार्ड दाखवताना वाहकाच्या तोंडाकडे बघतात, कार्डाकडे नाही. आपण खोटं बोलतोय असं याला वाटतंय का, ते बघत असतात. पोरीचं अर्धं तिकीट, पाच ते बारा वयाला अर्धं लागतं.

दुसरं, गाडीत चढण्याचं. चित्रात लोक सरळ जिना चढल्यासारखे चढतात. एसटीची पहिली पायरी उंच असते. म्हातारं माणूस आधी पिशवी वरच्या पायरीवर ठेवतं, मग दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरतं, मग एक पाय, मग थांबतं, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. लहान पोर गुडघा जवळजवळ छातीला लावून चढतं. आणि ज्याला जायचं नसतं ना, ते पोर पहिल्या पायरीवर चढून मागे बघतं. तेव्हा मागचा माणूस ‘चल गं पुढं’ करतो. सुट्टी संपली की दर वर्षी हेच.

गाडी फलाटाला तोंड करून लागते, जाताना मागे घ्यावी लागते. मागे घेताना वाहक खाली उतरून मागे उभा राहून शिट्टी मारतो. मग आत येऊन दोरी ओढतो, डबल बेल. बऱ्याच पुस्तकांत बस आडवी उभी दाखवतात, ती रस्त्यावरच्या थांब्याची झाली, स्टँडची नाही.

पिक्सेलपाटील

डबलबेल काका, सलाम. रुमाल मागे घेतला.

शाईपेन

मंडळी, काय बोलू! काल स्वारगेटला जाऊन आले. पायच काढले. एका काकूंनी विचारलं, ‘चपला विकता का?’

लेखकाशी बोलले. गोष्ट आत्ताची, आजी ७८ ची. त्यामुळे कार्डाचं पान नक्की झालं, मजकुरात नव्हतं तरी लेखकाला आवडलं. मुलगी साडेचार डोक्यांवर आणली. क्षितिज तिच्या डोळ्याला ठेवल्याबरोबर अर्धं स्टँड फ्रेममधून गेलं आणि मला हायसं वाटलं, कारण जे काढता येत नव्हतं तेच गेलं. पहिली तीन जोडपानं बिनचेहऱ्याची करतेय. पागोळ्यांचं चौथं. तिथे पहिल्यांदा चेहरा दिसेल, तोही खाली बघणारा, म्हणजे पापण्याच.

दोन शंका. कार्डाच्या पानावर वाहकाचा चेहरा दाखवू का? तो कडक दाखवला तर खलनायक होतो, हसरा दाखवला तर आजीच्या नजरेतला ताण जातो. दुसरं, पायरीवर मागे बघण्याचं चित्र जोडपानभर घ्यायचा विचार आहे, बस डावीकडे, स्टँड उजवीकडे, मुलगी बरोबर मध्ये.

खडूफळा

वाहकाचा चेहरा नको. मशीन धरलेला हात आणि खाकी बाही पानाच्या कडेनं आत येऊ दे. मुलीच्या उंचीवरून तेवढंच दिसणार. अंगठा मशीनच्या बटणावर थांबलेला दाखवा, दाबलेला नाही. ताण तिथे राहील आणि माणूस बरा की वाईट, हे पोरांचं पोरं ठरवतील.

मुलगी मध्ये नको! जोडपानाच्या मध्ये शिवण येते, निम्मा चेहरा घडीत जाईल. तिला उजव्या पानावर घ्या, पण बसची बाजूही उजवीकडे न्या. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा पान उलटायची दिशा म्हणजे मुंबई. मुलगी डावीकडे, मागच्या पानांकडे बघेल. डावं पान जवळजवळ रिकामं ठेवा, ओली फरशी, बाक आणि खळग्यांची ओळ. आजीची छत्री बाकावर विसरलेली दाखवली तर चालेल का, ते लेखकाला विचारून ठेवा.

आणि राखाडी रंग छापायला जाण्याआधी एक कागदी प्रूफ (नमुना छपाई) मागून घ्या. स्क्रीनवरचा निळसर पाऊस छपाईत मळकट येतो. प्रूफचा खर्च कुणी द्यायचा आणि रफच्या किती फेऱ्या, हे करारात नसेल तर आत्ताच ईमेलवर लिहून घ्या, फोनवर नको.